वांझपण : एका कलंकाचा इतिहास

१

मराठीत 'वांझ' हे विशेषण बाईला लागते, गाईम्हशीला लागते, झाडाला लागते, जमिनीलाही लागते. पुरुषाला मात्र लागत नाही. मूल नसलेल्या पुरुषाला 'निपुत्रिक' म्हणतात. त्या शब्दात थोडी कीव आहे, आरोप नाही. 'वांझोटी' या शब्दात कीवही नाही. तो शब्द बाईला बारशाच्या घरातून मागे सारतो, ओटी भरण्याच्या वेळी दाराआड उभी करतो, आणि सकाळी तिचे तोंड पाहणाऱ्याच्या कपाळावर आठी आणतो. भाषेत एवढा पक्षपात आपोआप येत नाही. त्याच्यामागे मालमत्तेची, वारसाची आणि जातीची व्यवस्था उभी असते. त्या व्यवस्थेचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय या पानांवर कशासाठी, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याला मी एवढेच सांगेन की आपल्या साहित्याने भूक लिहिली, पाणवठा लिहिला, वेठ लिहिली, आई तर फार मोठ्या ताकदीने लिहिली. पण मूल न झालेली बाई आपल्या लेखनात क्वचितच बोलली. याला कारण आहे. आपल्यावर सवर्ण समाजाने केलेला आरोप नेहमी उलट दिशेचा राहिला : 'यांना पोरे फार होतात.' ज्या वस्तीचा गुन्हा जास्त मुले होणे हा ठरला, त्या वस्तीतल्या मूल नसलेल्या बाईचे दुःख कोणाच्या हिशेबात बसणार? ती सरकारच्या तक्त्यात नव्हती, समाजसुधारकांच्या भाषणात नव्हती, आणि आपल्या आत्मकथनांतही ती परसदारीच राहिली.

२

धर्मशास्त्राने स्त्रीला क्षेत्र म्हटले आणि पुरुषाला बीज. हे रूपक निरुपद्रवी नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात त्यावरून पुढचा कायदा काढला आहे. बीज कोणाचेही असो, करार नसेल तर पीक शेताच्या मालकाचे. म्हणजे बाई ही जमीन, मूल हे उत्पन्न आणि नवरा हा खातेदार. उत्पन्न न देणाऱ्या जमिनीचे काय करायचे, तेही त्याच अध्यायात आहे. वंध्या पत्नी असेल तर आठव्या वर्षी दुसरी करावी. जिची मुले जगत नाहीत तिच्यावर दहाव्या वर्षी. जिला मुलीच होतात तिच्यावर अकराव्या वर्षी. आणि जी उलट बोलते तिच्यावर ताबडतोब. या चार बायकांना एका ओळीत बसवणाऱ्या शास्त्रकाराची दृष्टी काय होती, ते निराळे सांगायला नको. शरीराचा दोष, बाळाचा मृत्यू, मुलीचा जन्म आणि तोंडातला शब्द हे चारही त्याच्या लेखी एकाच जातीचे अपराध होते.

याच देशातल्या वैद्यकाला इतके अज्ञान नव्हते, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. सुश्रुताने गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशा चार गोष्टी जुळाव्या लागतात असे सांगितले. चरकाने पुरुषाच्या रेताचे दोष वेगळे वर्णिले आणि त्यांवर उपचारही दिले. म्हणजे दोष पुरुषातही असतो हे वैद्याला ठाऊक होते. कायदा मात्र वैद्याला विचारून केला गेला नाही. मालकाच्या सोयीने तो केला गेला.

महाभारतात तर हे गुपित उघडच पडले आहे. कुरुवंश खुंटला तो बायकांच्या दोषाने नव्हे. विचित्रवीर्य निपुत्रिक मेला, पांडू शापाने असमर्थ ठरला. तेव्हा नियोगाचा मार्ग निघाला आणि व्यासाला बोलावणे गेले. अंबिकेने डोळे मिटले, अंबालिका पांढरीफटक पडली, आणि दुसऱ्या वेळी अंबिकेने आपल्या जागी दासीला पाठवले. त्या दासीपासून विदुर झाला. तिघांमध्ये शहाणा तोच. पण गादी त्याला नाही, कारण कूस शूद्रेची. त्या दासीला व्यासाने पुढे दास्यातून मुक्ती सांगितली, पण महाभारताने तिचे नाव काही दिले नाही. मूल हवे असेल तेव्हा खालच्या बाईचे शरीर चालते आणि वारसा वाटायच्या वेळी तिची जात आडवी येते, हा न्याय तेव्हापासूनचा आहे. पुढे प्रयोगशाळेपर्यंत तो कसा चालत आला, ते आपण पाहणारच आहोत.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्या ज्वालांत अस्पृश्यतेची कलमे जळाली, तसे हे आठव्या वर्षाचे कलमही जळाले. आपण ही दुसरी गोष्ट फारशी आठवत नाही.

३

आता आपल्या वस्तीकडे वळू. आमच्यात पाट होता, सोडचिठ्ठी होती. वरच्या जातींतल्या विधवेसारखे केशवपन आमच्या बाईच्या वाट्याला आले नाही. म्हणून आमची बाई मोकळी होती असा एक समज प्रचलित आहे. मूल नसलेल्या बाईपुरते बोलायचे तर तो समज अर्धाच खरा आहे. तिला पाट लावता येत असे, तसेच तिला सहज टाकूनही देता येत असे. आणि टाकण्यापूर्वी नवस होते.

नवसाचा इतिहास हा आपल्या बायकांच्या गुलामीच्या इतिहासाचा मोठा भाग आहे. मूल होत नाही म्हणून जेजुरीच्या खंडोबाला बोलायचे : पहिले मूल तुझे. मुलगा झाला तर वाघ्या, मुलगी झाली तर मुरळी. सौंदत्तीच्या यल्लम्माला बोलायचे, आणि झालेली मुलगी जोगतीण करून सोडायची. या मुलींत अस्पृश्य जातींच्या मुली फार मोठ्या संख्येने होत्या. एका बाईच्या कपाळावरचा वांझपणाचा डाग पुसायचा म्हणून दुसऱ्या बाईचे, तिच्याच पोटच्या पोरीचे, सगळे आयुष्य द्यायचे. देवाशी लग्न लागलेल्या त्या पोरीच्या शरीरावर मग गावातल्या कोणाचा हक्क चालत असे, ते सर्वांना माहीत आहे.

या प्रथेविरुद्ध पहिला मोठा आवाज आपल्यातूनच उठला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ साली सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र'मधून मुरळीचा प्रश्न मांडला. मुरळ्यांना लग्न करण्याचे आवाहन केले, आणि अशी लग्ने घडवूनही आणली. १९३६ साली परळच्या दामोदर ठाकरसी सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वाघ्या, मुरळ्या, जोगतिणी आणि देवदासींच्या सभेत त्यांना हे जिणे सोडण्याचा रोखठोक उपदेश केला. पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९३४ साली झाला. महाराष्ट्राला पुन्हा नवा कायदा करावा लागला तो एकविसाव्या शतकात. कायद्याला सत्तर वर्षे पुरली नाहीत, कारण नवसाच्या मुळाशी असलेल्या भीतीला कोणी हात घातला नव्हता. बाईला मूल का होत नाही, याचे खरे उत्तर तिला कोणी दिले नव्हते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांच्या बाबतीत लक्षात घेतली पाहिजे. आपल्याकडे घर मोकळे राहण्याचे कारण पुष्कळदा वंध्यत्व नव्हतेच. मुले होत आणि जात. हजेरीपटावरची जुनी नावे वाचा. कचरू, धोंडू, दगडू, उकिरड्या. आधीची मुले दगावली म्हणून मागाहून आलेल्याला मृत्यूची नजर लागू नये यासाठी ठेवलेली ही नावे आहेत. शासनाने बालमृत्यूची नोंद नीट ठेवली नाही तेव्हा ती आपल्या आयांनी मुलांच्या नावांत ठेवली. बाबासाहेब आणि रमाईंच्या घरी पाच मुले जन्मली आणि एकटा यशवंत जगला. मनूच्या हिशेबाने रमाई दहाव्या वर्षाच्या कलमात बसत होती. बाबासाहेबांच्या हिशेबाने ती दारिद्र्याची आणि विषमतेची बळी होती. दोन दृष्टींमधले अंतर यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

४

मूल नसण्याकडे माणूस म्हणून कसे पाहावे, याचा धडा महाराष्ट्रात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी घालून दिला. त्यांना मूल झाले नाही. दुसरे लग्न करायला त्या काळी ना कायद्याची आडकाठी होती ना समाजाची. उलट तोच धर्म समजला जात होता. जोतीरावांनी ते केले नाही. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तोच डॉ. यशवंत. या दत्तकाचे महत्त्व आज चटकन ध्यानात येत नाही. त्या काळच्या हिंदू कायद्याप्रमाणे दत्तक मुलगाच असावा लागे आणि तो स्वजातीचा असावा लागे. माळ्याच्या घरात ब्राह्मणीचा मुलगा, आणि तोही विवाहबाह्य! एका दत्तविधानात जात, औरसपणा आणि वंशशुद्धी या तिन्हींना नकार होता. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी दत्तकाच्या हक्काला हरकत घेतली. मग सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. समाजाच्या भाषेत जी वांझ होती, तिने एका पुरुषाच्या वारसाचा निकाल स्मशानाच्या वाटेवर लावला. पुढे १८९७ च्या प्लेगात तिने आणि यशवंतांनी रोग्यांची सेवा केली आणि त्यातच तिचा अंत झाला.

जोतीराव-सावित्रीबाईंनी घरात जे केले ते देशासाठी कायद्यात आणण्याचा प्रयत्न बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात केला. ते बिल रोखले गेले आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याचेच तुकडे पुढे वेगवेगळे कायदे म्हणून मंजूर झाले. १९५५ च्या विवाह कायद्याने एकपत्नीत्व आणले. म्हणजे मूल नाही म्हणून सवत आणण्याचा हक्क संपला. मुंबई प्रांतात ही बंदी १९४६ सालीच आली होती. १९५६ च्या दत्तक कायद्याने जातीची अट गेली, मुलगी दत्तक घेता येऊ लागली, अविवाहित स्त्री आणि विधवा यांना स्वतःच्या नावावर दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला. विवाहित स्त्रीला हा हक्क नवऱ्याच्या बरोबरीने मिळायला मात्र २०१० साल उजाडावे लागले.

कायदा झाला म्हणजे घर बदलले असे नाही. माझ्या एका आत्याला लग्नानंतर नऊ वर्षे मूल नव्हते. वैदूची मुळी झाली, भगताचा अंगारा झाला, उपास झाले. मग नवऱ्याने दुसरी आणली. कायद्याची बंदी असताना आणली, गावाने जेवणही खाल्ले. दुसरीलाही मूल झाले नाही. तेव्हा एखाद्याने पुढचा साधा प्रश्न विचारायला हवा होता. तो कोणी विचारला नाही. दोन वांझा एका घरात आल्या, हे घराचे नशीब, असे सगळ्यांनी म्हटले आणि विषय संपवला.

५

तो साधा प्रश्न विचारण्याचे साधन जगाला सतराव्या शतकापासून उपलब्ध होते. १६७७ साली हॉलंडमधल्या लेव्हेनहूकने सूक्ष्मदर्शकाखाली पुरुषबीज पाहिले. स्त्रीबीज सापडायला १८२७ साल उजाडले. फॉन बेअरने ते कुत्रीच्या शरीरात शोधले. या शोधाने क्षेत्र-बीजाचे रूपक मुळातून कोसळते. स्त्री ही नुसती जमीन नाही. निम्मे बीज तिचेच असते.

परंतु विज्ञान हातात आले म्हणजे न्याय हातात आला असे होत नाही. अमेरिकेचा इतिहास याला साक्ष आहे. आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा गौरव झाला त्या मॅरियन सिम्सने १८४५ ते १८४९ या काळात अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी येथे काळ्या गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. त्यांतल्या तिघींची नावे त्यानेच नोंदवली आहेत : अनार्का, बेट्सी आणि लुसी. बाळंतपणात झालेल्या जखमेवर अनार्काची सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली, आणि भूल न देता झाली. त्यांची संमती कोणी घेतली? त्या तर मालमत्ता होत्या, संमती मालकाची. तिथे हात तयार झाल्यावर सिम्स न्यू यॉर्कला गेला आणि वंध्यत्वावरही काम करू लागला. १८६६ च्या ग्रंथात त्याने सहा स्त्रियांवर केलेल्या ५५ कृत्रिम बीजारोपणांचा हिशेब दिला. एकीलाच गर्भ राहिला आणि तोही पडला. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा २०१८ साली हलवण्यात आला. ते काम ज्यांनी आवाज उठवला त्या काळ्या स्त्रियांचे.

दुसरे उदाहरण १८८४ सालचे, फिलाडेल्फियातले. एका व्यापाऱ्याला मूल होत नव्हते. तपासणीत दोष त्याच्यात निघाला. पँकोस्ट नावाच्या प्राध्यापकाने त्याच्या बायकोला तपासणीच्या निमित्ताने भूल दिली आणि वर्गातल्या एका विद्यार्थ्याचे वीर्य वापरून गर्भधारणा घडवली. तिला मूल झाले. पण काय केले ते तिला कधीच सांगितले नाही. नवऱ्याची अब्रू राखण्याचे ठरले. अंबालिकेला निदान समोर कोण उभा आहे ते दिसले होते.

दलित पँथरने १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगितले ते घोषणेपुरते नव्हते. शरीरावरच्या सत्तेच्या बाबतीतही ते नाते रक्ताचे आहे. तिथे काळ्या स्त्रियांची गर्भाशये त्यांना न विचारता काढली गेली. १९६१ साली फॅनी लू हेमर या कार्यकर्तीवर मिसिसिपीत हाच प्रसंग आला. आपल्याकडे काय झाले?

६

भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. संततिनियमनाच्या विचाराला आपला विरोध नव्हता, हे येथे स्वच्छ सांगितले पाहिजे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'साठी खटल्यात सापडले तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूने बाबासाहेब वकील म्हणून उभे राहिले. १९३८ साली मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा जो ठराव मांडला त्याच्या मागे बाबासाहेबच होते. मूल केव्हा व्हावे हे बाईने ठरवावे, ही ती भूमिका. सरकारी कार्यक्रमात मात्र ठरवणारे दुसरेच झाले. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. जबरदस्ती कोणावर चालते? ज्याच्याकडे शिधापत्रिका अडवता येते, नोकरी अडवता येते, झोपडी पाडता येते त्याच्यावर. तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही.

या सगळ्या वर्षांत गावच्या आरोग्य केंद्रात मुले न होण्याची साधने होती, लक्ष्ये होती, बक्षिसे होती. मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईसाठी एक खिडकीही नव्हती. वंध्यत्व हा आरोग्याचा प्रश्न आहे हे जगाच्या सरकारांनी १९९४ च्या कैरो परिषदेत मान्य केले. कागदावर ते आपल्याकडेही आले.

आणि बीड? ऊसतोडीला जोडपे जाते, त्या जोडप्याला 'कोयता' म्हणतात. उचल त्याच्यावर मिळते. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. पाळीचे चार दिवस म्हणजे खाड्याची भीती. फडावर ना पाणी, ना आडोसा. अंगावरून जाण्याचा त्रास घेऊन बाई खाजगी दवाखान्यात गेली की कर्करोगाचे भय दाखवून पिशवी काढायचा सल्ला. २०१९ साली शासनाच्या समितीने जिल्ह्यातल्या सुमारे ८२,००० ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,००० हून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पुष्कळ जणी ऐन तिशीतल्या. या मजूर स्त्रिया कोणत्या जातींच्या आणि भटक्या जमातींच्या आहेत ते साखर कारखान्याच्या नोंदीत मिळणार नाही, पण फडावर गेलात तर दिसेल. क्षेत्र-बीजाच्या जुन्या हिशेबात बाई जमीन होती. या नव्या हिशेबात ती कोयत्याचे अर्धे पाते आहे, आणि तिचे गर्भाशय कामाच्या आड येणारी वस्तू.

७

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या रुग्णालयात लुईस ब्राऊन जन्मली. शरीराबाहेर गर्भधारणा होऊन जन्मलेले हे जगातले पहिले मूल. आईच्या बीजवाहिन्या बंद होत्या. बाप रेल्वेत कामाला होता. रॉबर्ट एडवर्ड्‌स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांचे हे काम. एडवर्ड्‌सना २०१० साली नोबेल मिळाले. पर्डी ही मूळची परिचारिका. तिचे नाव रुग्णालयाच्या स्मृतिफलकावर यायला २०१५ साल लागले. श्रेणी तिकडेही आहेत.

त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात दुसरी मुलगी जन्मली. जग तिला 'दुर्गा' म्हणून ओळखते. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी साध्या उपकरणांवर हे काम केले, आणि गर्भ गोठवून ५३ दिवस ठेवून मग वापरला. ही पद्धत इंग्रजांनीही तेव्हा वापरली नव्हती. आज जगभर ती नित्याची आहे. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. समितीने दावा खोटा ठरवला. जपानला जाऊन काम मांडण्याची परवानगी मिळाली नाही. १९८१ साली त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. ज्ञानाला अधिकाऱ्याचा शिक्का लागतो आणि शिक्का नसलेल्याचे ज्ञान खोटे ठरते, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नाने हर्षा जन्मली. आनंदकुमारांनी पुढे मुखोपाध्यायांची टिपणे वाचली आणि १९९७ साली जाहीर केले की पहिला मान त्यांचा आहे, आपला नाही. इतका सरळ माणूस विज्ञानाच्या इतिहासात कमी भेटतो. माझा मुद्दा मात्र पुढचा आहे. केईएम हे परळचे, महानगरपालिकेचे, गिरणी कामगारांच्या वस्तीतले रुग्णालय. म्हणजे ही विद्या महाराष्ट्रात सार्वजनिक पैशावर, गरिबांच्या रुग्णालयात रुजली. तिथून ती काचेच्या दारांच्या खाजगी केंद्रांत गेली. आज तिथे एका प्रयत्नाला दीड-दोन लाख रुपये पडतात, आणि एका प्रयत्नात मूल हाती येण्याची शक्यता तरुण वयातही निम्म्याहून कमीच असते. चाळिशीनंतर ती फारच घटते.

८

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. पण घरातली पहिली पदवीधर असल्यामुळे वस्तीतल्या बायका पिशवीच्या तळाशी लपवलेले तपासणीचे कागद माझ्याकडे वाचायला आणतात. त्या कागदांवरून जे पुनःपुन्हा ध्यानात येते, आणि वैद्यकशास्त्रही जे सांगते, ते येथे मांडते.

बारा महिने एकत्र राहूनही गर्भ राहत नसेल तर त्याला वंध्यत्व म्हणतात. हा आजार आहे, पाप नव्हे, आणि जगात सहांतल्या एका माणसाला आयुष्यात केव्हातरी तो गाठतो. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा दोष एकट्याने किंवा बाईच्या दोषाबरोबर असतो. म्हणून पहिली तपासणी पुरुषाच्या वीर्याची व्हावी. ती सर्वांत स्वस्त, बिनदुखीची आणि चटकन होणारी. प्रत्यक्षात ती सर्वांत शेवटी होते, कधी होतच नाही. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत बाईच्या तपासण्या पाच-पाच असतात, नवऱ्याची एकही नसते.

बाईच्या बाबतीत दोन गोष्टी पाहायच्या : बीज दर महिन्याला तयार होते का, आणि बीजवाहिन्या मोकळ्या आहेत का. बीज तयार होत नसेल तर गोळ्यांनी ते होऊ शकते, आणि हा उपचार महाग नाही. पुरुषबीज थोडे कमी असेल तर ते धुऊन थेट गर्भाशयात सोडतात. हाही तुलनेने स्वस्त. बीजवाहिन्या बंद असतील तर कधी शस्त्रक्रिया, नाहीतर शरीराबाहेरची गर्भधारणा. पुरुषबीज अत्यल्प असेल तर एकच पेशी सुईने स्त्रीबीजात सोडण्याची रीत १९९२ पासून आहे. नसबंदीनंतर मूल दगावले तर कापलेली नळी पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया होते. यशाची खात्री नसते, पण मार्ग आहे हेच अनेक जणींना कोणी सांगत नाही. आणि दत्तक हा काही हरल्यावर घ्यायचा मार्ग नव्हे. सावित्रीबाईंनी तो अभिमानाने घेतला. मूल नसताना पुरे आयुष्य जगणे हाही मार्गच आहे.

बीजवाहिन्या बंद का होतात, याचे उत्तर आपल्या वस्तीच्या इतिहासात आहे. आपल्या देशात त्याचे एक मोठे कारण क्षयरोग. तो फुप्फुसातच असतो असे नाही. बीजवाहिन्यांत आणि गर्भाशयात घर करतो, खोकला नाही, ताप नाही, बाईला पत्ताही लागत नाही. दुसरे कारण अस्वच्छ बाळंतपण, अस्वच्छ गर्भपात आणि नवऱ्याकडून आलेली गुप्तरोगाची लागण. क्षय कोणाच्या घरी जातो? दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे जिथे झोपतात तिथे. ज्या आजाराने बाई वांझ होते तो गरिबीचा, आणि ज्या उपचाराने तिला मूल होईल तो श्रीमंतीचा. 'आयुष्मान भारत' योजनेतून वंध्यत्वाचा उपचार वगळलेला आहे. गोव्याच्या शासनाने २०२३ साली बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हा उपचार मोफत सुरू केला. छोटे राज्य करू शकते ते महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने निदान तपासणीपुरते आणि गोळ्यांपुरते का करू नये?

शेवटी जात. बीज दुसऱ्याचे घ्यायची वेळ आली की दात्याची जात विचारणारी जोडपी आहेत, हे या क्षेत्रातल्या डॉक्टरांनी वृत्तपत्रांतून सांगितले आहे. व्यापारी सरोगसीवर बंदी आली ती २०२१ च्या कायद्याने. त्याआधी जवळजवळ वीस वर्षे हा व्यवहार उघड चालला. पैशासाठी मूल पोटात वाढवणाऱ्या स्त्रिया गरीब घरच्या होत्या. कूस तिची चालत होती, कारण बीज वरचे असे. व्यासाच्या काळातली दासी निदान विदुराची आई म्हणून ओळखली गेली. त्याच २०२१ सालच्या दुसऱ्या कायद्याने बीजदान करणाऱ्या स्त्रीच्या वयाला, वेळांना मर्यादा घातल्या आणि तिचा विमा सक्तीचा केला. हे स्वागतार्ह आहे. परंतु रक्ताच्या शुद्धतेचे वेड कायद्याच्या कलमाने जात नाही.

म्हणून आपले काम दुहेरी आहे. शासनाकडे आपण सार्वजनिक रुग्णालयातल्या उपचाराचा हक्क मागितला पाहिजे, क्षयाच्या तपासणीत बाईच्या गर्भाशयाचाही विचार मागितला पाहिजे, ऊसतोड बाईच्या पिशवीला हात लावणाऱ्याला जाब विचारला पाहिजे. आणि आपल्या घरात, आपल्या विहारात, नामकरणाच्या प्रत्येक विधीत मूल नसलेल्या बाईला पुढे बसवले पाहिजे. आपण नवस सोडले, देव सोडले, धम्म घेतला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही जर सून तीन वर्षांत गरोदर राहिली नाही म्हणून तिच्या हातचे पाणी कडू लागत असेल, तर मनुस्मृतीचे ते आठव्या वर्षाचे पान आपल्या घरात अजून शिल्लक आहे. ते आपल्या हाताने जाळायचे आहे, आणि त्याची सुरुवात नवऱ्याने तपासणीच्या रांगेत आधी उभे राहण्यापासून होऊ शकते.